वजन कुठंय?

परवा एका लग्नात शेजारी बसलेल्या पाहुण्यांनी विचारलं, "तुम्ही काय करता?" मी म्हटलं, "कानस मारतो, ग्रीस मारतो, आणि मधे वेळ मिळाला तर झाडं तोडतो." त्यांना तो विनोद वाटला, हसले आणि मठ्ठा मागवला. पण दिवसाचे तास मोजायला बसलात तर हिशोब साधारण असाच निघतो. झाड पडायला काही सेकंद लागतात. त्याआधीचं आणि नंतरचं सगळं म्हणजे माझा धंदा.

मी श्रीवर्धनच्या बाजूचा. आयटीआय केलं, मग पुण्यात भोसरीला एका वर्कशॉपात नऊ वर्षं हायड्रॉलिक सिलिंडर उघडायचे, सील बदलायची आणि परत बसवायचे एवढंच केलं. झाडांशी संबंध म्हणजे घरची दहा-बारा गुंठ्यांची वाडी, तीही सुट्टीत आलो की नारळ खाण्यापुरती. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा दोन जोडी कपडे घेऊन घरी आलो, म्हटलं पंधरा दिवसात परत जाऊ. आणि मग ३ जून उजाडला.

निसर्ग वादळाबद्दल बातम्यांत सगळ्यांनी वाचलंय, दुपारी आमच्या रायगडच्या किनाऱ्याला लागलं, ताशी ११०-१२० किलोमीटरचा वारा, वगैरे. आम्ही घरात देवघराच्या भिंतीला पाठ लावून बसलो होतो आणि बाहेरून जो आवाज येत होता तो वाऱ्याचा नव्हताच, झाडं मोडायचा होता. सुपारी मोडते तेव्हा बांबू फुटल्यासारखा कडकड आवाज येतो. आंबा मोडत नाही, तो आधी कण्हतो आणि मग एकदम धप्प, जमीन हादरते. संध्याकाळी बाहेर आलो तर लहानपणापासून कधी दिसला नव्हता तो शेजारच्या आळीतला देवळाचा कळस आमच्या ओटीवरून दिसत होता. मधलं सगळं आडवं. आई काही बोलली नाही, तिनं फक्त पदर डोळ्याला लावला आणि गोठ्याकडं गेली.

त्यानंतरचे पंधरा-वीस दिवस गावात लाइट नाही, फोनला रेंज नाही, आणि कटर मशीन असलेला माणूस म्हणजे देव. आमच्याकडं चेनसॉला कटरच म्हणतात. माझ्या चुलत्यांकडं एक होतं, ते चालवायला कोणी नव्हतं, आणि मी "मशीनवाला" म्हणून सगळ्यांनी ते माझ्या हातात दिलं. मला कार्बोरेटर उघडता येत होता, पण झाड कापता येत नव्हतं. हा फरक मला नानांनी शिकवला.

नाना म्हणजे आमच्या वाडीतले जुने लाकूडतोडे. तेव्हाच सत्तरी ओलांडलेली होती. कुऱ्हाड आणि दोघांनी ओढायची लांब करवत यावर आयुष्य काढलेला माणूस, कटरला त्यांनी तोवर हातही लावला नव्हता. मी आमच्या पडलेल्या आंब्याजवळ गेलो, दोरी ओढून मशीन चालू केलं, आणि मागून त्यांनी काठीनं माझ्या पोटरीवर टोचलं. "बंद कर आधी. वजन कुठंय?"

मी म्हटलं, "काय वजन?"

"झाडाचं वजन कुठंय ते सांग, मग काप."

मला वाटलं म्हातारा डोकं खातोय. पडलेल्या झाडाचं वजन कुठं असणार, जमिनीवर! तर तसं नसतं. खोड दोन्ही टोकांना टेकलेलं असेल आणि मधे अधांतरी, तर त्याची वरची बाजू दबलेली असते आणि खालची ताणलेली. अशा वेळी वरून सरळ खाली कापत गेलात तर काप मिटतो आणि कटरची पट्टी, जिच्यावर चेन फिरते ती, आत चावली जाते, मग दुसरं कटर आणून पहिलं सोडवा. म्हणून वरून थोडंच कापायचं, तिसरा हिस्सा म्हणा, आणि बाकीचं खालून. एकच टोक टेकलेलं असेल तर सगळं उलटं. आणि सगळ्यात घातकी म्हणजे आंब्याखाली धनुष्यासारखी वाकून अडकलेली एखादी सुपारी, ती दिसते काडीसारखी, पण तिच्यात अख्ख्या आंब्याचा जोर भरलेला असतो, कापली की सटकन उसळते आणि माणसाचा जबडा फोडते. मुळासकट उपटलेल्या झाडाचं आणखी वेगळं. बुंध्यापासून खोड तोडलं की तो मुळांचा मातीसकट उभा राहिलेला पंखा पाठीमागं खड्ड्यात धाडकन बसतो. वादळानंतर त्या खड्ड्यांत पोरं लपाछपी खेळत होती! नाना प्रत्येक बुंध्यामागं स्वतः जाऊन बघून यायचे, मगच मान हलवायचे.

तर "वजन कुठंय" हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागं लागला तो लागलाच.

लोडरची, म्हणजे ओंडके उचलून नेणाऱ्या मशीनची, गोष्ट त्यानंतरची. झाडं कापून ओंडके झाले, पण ते वाडीतून बाहेर काढायचे कसे? ज्यांनी कोकणातल्या जुन्या वाड्या पाहिल्यात त्यांना कळेल. दोन्ही बाजूला जांभ्या दगडाचे गडगे, मधून बैलगाडीपुरती पाखाडी, वाडीचं बेडं, म्हणजे फाटक, जेमतेम सहा फूट, आत शिरलं की पाण्याचे पाट, विहीर, रहाटाचा कट्टा. मोठं जेसीबी साडेसात फुटाच्या आसपास रुंद, ते बेड्याशीच अडतं. एके ठिकाणी तर मालकानं स्वतःचाच गडगा पाडून जेसीबी आत घेतलं आणि नंतर वर्षभर तिथून गुरं आत यायची. बाकी सगळीकडं माणसांनी ओंडके खांद्यावरून, बांबूला दोर बांधून, झोक्यासारखे काढले. मी स्वतः त्यात होतो. तिसऱ्या आठवड्यात कंबर अशी धरली की बोरूसारखा ताठ झालो.

आणि मग एक दिवस पनवेलकडून कोणीतरी भाड्यानं एक बुटकं मशीन आणलं. चार लहान चाकं, दोन्ही बाजूनी हात, पुढं बकेट, आणि पिंजऱ्यासारख्या केबिनमध्ये बसलेला ऑपरेटर. गावात त्याला कुठल्याही कंपनीचं असलं तरी बॉबकॅटच म्हणतात, जसं सगळ्या वनस्पती तुपाला एकच नाव पडलं होतं तसं. ते पाखाडीतून आलं, बेड्यातून दोन्ही बाजूला चार-चार बोटं सोडून आत शिरलं, आणि विहिरीजवळ जाऊन जागच्या जागी भिंगरीसारखं फिरलं. स्टिअरिंग नाहीच त्याला. डावीकडची चाकं पुढं आणि उजवीकडची मागं, की मशीन स्वतःभोवती फिरतं, टायर जमिनीवर घासटत. पोरं टाळ्या वाजवत होती आणि मी, भोसरीतला सिलिंडरवाला, त्याच्या हातांच्या पिना बघत होतो. कोरड्या होत्या, चकाकत होत्या. ग्रीसचा पत्ता नाही. मनात म्हटलं, हा फार दिवस टिकत नाही.

नंतर मी या मशीनचा इतिहास शोधला, कारण मला कळेना की असली अजब चीज कोणाला आणि कशासाठी सुचली. अमेरिकेत मिनेसोटामध्ये केलर नावाचे दोघे भाऊ होते, लोहारकाम-वेल्डिंग करणारे. १९५७ मध्ये एका टर्की पाळणाऱ्या शेतकऱ्यानं त्यांना सांगितलं की माझ्या कोठाराच्या वरच्या मजल्यावरची घाण काढायला असं काहीतरी करून द्या जे लाकडी तक्तपोशी मोडणार नाही आणि खांबांच्या मधून फिरेल. म्हणजे आपण जे एवढं लोखंड वादळाशी लढायला आणतो ते मुळात कोंबडीच्या मोठ्या बहिणीची शिट उचलायला जन्मलं. पण तुम्ही विचार करा, खांबांचं कोठार आणि सुपारीची वाडी यात फरक तो काय? दोन्हीकडं उभे खांब, मधे अरुंद वाट, आणि खाली नाजूक जमीन. त्या केलर बंधूंचं पहिलं मशीन तीन चाकी होतं, चार चाकांचं १९६० मध्ये आलं.

मी पुण्याला परत गेलो नाही. पुढच्या वर्षी, तौक्ते वादळ येऊन गेल्यावर, असलाच एक वापरलेला लोडर विकत घेतला. मीटरवर तीन हजार आठशे तास. घरच्यांनी वेड्यात काढलं, सोसायटीचं कर्ज, आईच्या दोन पाटल्या, आणि पुढं लावायला एक ग्रॅपल म्हणजे ओंडका पकडायचा पंजा, तो वेगळा. मिस्त्री म्हणाला, "शेठ, इंजिन चांगलं हाय, बाकी तुमचं तुम्ही बघून घ्या." बाकी म्हणजे सगळंच.

आता इथं थोडा वजनाचा हिशोब सांगतो कारण बरेच जण इथंच फसतात. या मशीनच्या पाटीवर जी उचलण्याची क्षमता लिहिलेली असते ती चाकांच्या लोडरला ज्या वजनावर तो पुढं पालथा होईल त्याच्या निम्मी धरलेली असते. म्हणजे सातशे किलो लिहिलं असेल तर चौदाशेला तो नाकावर पडणार. लोक म्हणतात, मग हजार उचलू की! सपाट सिमेंटवर, उभ्या उभ्या, उचलेल पण. वाडीत पाटाच्या खाचेत एक चाक गेलं की हिशोब संपला. ओलं लाकूड जवळजवळ पाण्याइतकं जड असतं, दोन फूट जाडीचा आणि आठ फूट लांबीचा आंब्याचा ओंडका सातशे किलोच्या घरात जातो. म्हणून मी पोरांना सांगून ठेवलंय, जाड बुंध्याचे सहा फुटाचेच तुकडे. वखारवाला कुरकुरतो, त्याला लांब हवे असतात. मी म्हणतो, मग तू येऊन उचल.

उताराचा धडा मात्र मी फुकट शिकलो नाही. रिकामा लोडर मागून जड असतो, इंजिन मागं असतं ना. पंज्यात ओंडका आला की तो पुढून जड होतो. नियम एवढाच की जड बाजू नेहमी चढाकडं ठेवायची, म्हणजे रिकामा असताना चढ उलटा चढायचा, आणि भरलेला असताना उतार उलटा उतरायचा. हे पुस्तकात पहिल्या दहा पानात लिहिलंय. मी वाचलेलं पण होतं. आणि तरी पहिल्याच पावसाळ्यात एका टेकाडावरच्या फणसाचा ओंडका घेऊन सरळ नाक खाली करून उतरायला लागलो, वर ओंडका खडकाला घासू नये म्हणून हात चांगला छातीएवढा उंच धरलेला. अर्ध्यात मागची दोन्ही चाकं सुटली. म्हणजे मी सीटवर बसून खालचं भाताचं खाचर असं बघत होतो जसं विमानातून बघतात. काय सुचलं माहीत नाही, हात खाली दाबला, ओंडका जमिनीला टेकला आणि मशीन ओंडक्यावर रेलून थांबलं. खाली नाना उभे होते. ओरडले वगैरे नाहीत. मी घामाघूम होऊन उतरल्यावर त्यांनी तंबाखू मळत फक्त विचारलं, "मग? वजन कुठं होतं?"

त्यानंतर ओंडका कायम गुडघ्याच्या खाली, आणि उतार कायम उलटा. मान दुखते मागं बघून बघून. दुखू दे.

आता कानसेबद्दल. कटरची चेन म्हणजे रंध्याची रांग समजा, प्रत्येक दाताला एक पातं आणि पात्यापुढं एक छोटं बोंड. ते बोंड ठरवतं की पातं किती खोल घुसणार. पात्याला धार लावायची गोल कानशीनं, चेनच्या मापाप्रमाणे कानस बदलते, आमच्या मोठ्या मशीनला ५.२ मिलिमीटरची लागते आणि छोट्याला ४ ची. तीस अंशाच्या आसपास कोन धरून आतून बाहेर, एकाच दिशेनं ढकलायची, मागं ओढताना उचलायची. प्रत्येक दाताला सारखेच हात, तीन तर तीन, चार तर चार. डाव्या बाजूच्या दातांना जास्त मारलंत आणि उजव्यांना कमी, की काप सरळ जातच नाही, केळ्यासारखा वाकतो आणि माणूस मशीनला शिव्या देतो. पाच-सहा वेळा धार लावली की बोंडंही चपट्या कानशीनं थोडी उतरवावी लागतात. जास्त उतरवली की चेन लाकूड चावत नाही, लचके तोडते, आणि पट्टीचं टोक कुठं टेकलं तर मशीन उलटं अंगावर येतं. पट्टीच्या नाकाचा वरचा पाव भाग, तो कधी कुठं टेकू द्यायचा नाही. याच्यावर चर्चा नाही.

धार गेली हे कसं कळतं? लोक म्हणतात जोर लागतो तेव्हा. जोर लागतो तोवर फार उशीर झालेला असतो. खाली पडलेला भुसा बघायचा. धार असेल तर खाली कीस पडतो, जाडसर, खोबऱ्याच्या किसासारखा, बुटावर पडला तर तुकडे वेगळे दिसतात. धार गेली की पीठ पडायला लागतं. माझा एक हेल्पर आहे, आम्ही त्याला बारक्या म्हणतो, वय वीस आणि अंगानं माझ्या दुप्पट, त्याला मी पहिल्या महिन्यात एवढंच काम दिलं होतं, माझ्या बुटाकडं बघत राहायचं आणि पीठ पडलं की ओरडायचं. त्याला अपमान वाटला. आता तो लांबून नुसत्या आवाजावरून सांगतो, "दादा, पीठ."

आणि नारळ! नारळासारखं धारेचं वाटोळं कुणी करत नाही. बाहेरून ऐकताना वाटतं नारळ म्हणजे मऊ, पण त्याच्या खोडाचा बाहेरचा थर कडक, आत रेतीसारखं काहीतरी भरल्यागत खरखरीत, आणि आमच्याकडं किनाऱ्याला तर सालीच्या भेगांत खरीखुरी वाळूही असते. त्याचा भुसा नसतोच, दोरे निघतात, ते चेनच्या चाकाजवळ झाकणात गुंडाळून बसतात. दोन नारळ झाले की झाकण खोलून कोरायचं, पट्टीच्या खाचेतलं तेलकट काळं लोणी काढायचं, पट्टी उलटी करून बसवायची म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. वाडीतल्या झाडांत आणखी एक छुपा शत्रू असतो तो म्हणजे आजोबांनी कपडे वाळत घालायला ठोकलेला खिळा. झाड त्याला पोटात घेऊन पन्नास वर्षं मोठं होतं आणि मग आमच्या चेनचे आठ दात एका झटक्यात जातात. मालकाला दाखवलं तर तो हळवा होतो, "अरे, हा आमच्या दादांनी मारलेला!" चेनचे पैसे मात्र कोणी देत नाही.

पेट्रोलचंही सांगायला हवं. कटर टू-स्ट्रोक, त्याचं तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं, चांगलं टू-टी असेल तर पन्नासास एक, म्हणजे लिटरला वीस मिली. एकदा घाईत एका नव्या पोरानं मोटरसायकलसाठी आणलेलं साधं पेट्रोल कटरमध्ये ओतलं. वीसेक मिनिटं झकास चाललं, आवाज तर नेहमीपेक्षा मोकळा वाटत होता, आणि मग एकदम गप्प. दोरी ओढली तर हलेना. सिलिंडर उघडला तेव्हा पिस्टनच्या एका बाजूला वरपासून खालपर्यंत ओरखडे, मांजरानं ओरबाडल्यासारखे. त्या पोराला मी काही बोललो नाही कारण चूक माझी होती, दोन्ही कॅन सारखेच पांढरे. आता मिक्सचा कॅन लाल, त्याच्या मुठीला सुतळी गुंडाळलेली, म्हणजे अंधारातही हाताला कळावं. त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं, आमच्या कोकणातल्या हवेत पाण्याला काय तोटा! महिनाभर टाकीत राहिलं की कार्बोरेटरचा पडदा कडक होतो, मशीन चालू होतं आणि रेस दिली की मरतं. म्हणून काम नसेल तेव्हा टाकी रिकामी करायची आणि उरलेलं संपेपर्यंत मशीन चालवून बंद पडू द्यायचं. आठवड्यापुरतंच मिक्स बनवायचं. हे मी लोकांना सांगतो, लोक मान डोलावतात आणि सप्टेंबरात गळ्यात बंद मशीन घेऊन येतात.

लोडरचं रोजचं काम सकाळचं नाही, संध्याकाळचं. सगळी पुस्तकं सकाळी तपासा म्हणतात आणि ते बरोबरच आहे, तेल-पाणी-टायर सकाळी बघावंच, पण ग्रीस मी संध्याकाळी मारतो. मशीन गरम असतं, पिना ढिल्या असतात, जुनं ग्रीस पाण्या-मातीसकट बाहेर येतं आणि नवं रात्रभर आत बसतं. गन निपलला, म्हणजे ग्रीस भरायच्या तोंडाला, लावायची आणि काठावरून नवं ग्रीस डोकावेपर्यंत दाबायची. जिथं वजन जास्त तिथं भूक जास्त, बकेटच्या खालच्या पिना सगळ्यात खादाड. एखादी निपल ग्रीस घेत नसेल तर पुढं जायचं नाही, ती बदलायची. पुढं गेलात की दोन महिन्यांनी पिनेभोवतीचा बुश बदलणार, आणि बुश बदलायला मशीन गाडीत घालून पार माणगाव नाहीतर पनवेल.

एकदा या संध्याकाळच्या कामाला कंटाळा केला. सलग चार दिवस नारळाची कामं होती, अंधार पडेपर्यंत, आणि इंजिनाच्या खालचं ताट कोरायचं राहिलं. झावळीच्या बुडाला जी कापडासारखी जाळी असते ना, आपण चूल पेटवायला वापरतो ती, ती वाळून सगळी आत जमली होती. चूल पेटवायला वापरतो हे मला माहीत होतं, पण ते डोक्यात या मशीनशी जोडलं गेलं नाही. पाचव्या दिवशी दुपारी बारक्या हात हलवत पळत आला. मागच्या जाळीतून पांढरा धूर. इंजिन बंद केलं, बॅटरीचा खटका काढला, वाडीच्या पाटातलं पाणी बादलीनं मारलं. एक वायरिंगचा जुडगा आणि एक होस गेला. जास्त काही नाही. पण त्या रात्री मी झोपलो नाही, आईच्या पाटल्याच डोळ्यासमोर. आता रोज ताट कोरतो, रेडिएटरला आतून बाहेर हवा मारतो, आणि एक लहान अग्निशामक केबिनमध्ये बांधलेला असतो.

दोन गोष्टींत मात्र मी भोसरीपासून पक्का आहे. एक, हात वर उचललेले असताना त्याखाली जायचं असेल तर लोखंडी आधार लावल्याशिवाय जायचं नाही, कितीही छोटं काम असो, कितीही भरवशाचं मशीन असो. सिलिंडरमधलं तेल हे तेल आहे, खांब नव्हे. आणि दुसरं, होसमधून फवारा मारतोय अशी शंका आली तर बोट फिरवून शोधायचं नाही. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून इतक्या दाबानं तेल येतं की कातडीतून सरळ आत घुसतं, वर नुसता टाचणीचा ठिपका दिसतो, दुखतही नाही फार. आमच्या वर्कशॉपात एकानं "काही नाय झालं" म्हणून डबा खाल्ला आणि तिसऱ्या दिवशी त्याचं बोट कापावं लागलं. पुठ्ठा फिरवायचा. पुठ्ठा ओला झाला की भोक तिथं.

मधेमधे असेही फोन येतात की रात्री येऊन एवढा एक आंबा काढून टाका, परवानगीची भानगड नको. आंबा, फणस, जांभूळ, हिरडा असली झाडं झाडतोडीच्या १९६४ च्या कायद्याखाली येतात, स्वतःच्या जागेत असली तरी विचारल्याशिवाय तोडता येत नाहीत. मी नाही म्हणतो. साधूपणा नाही यात, एका रात्रीसाठी मशीन जप्तीत उभं राहिलं तर हप्ता कोण भरणार?

एका गोष्टीचं मात्र मला वाईट वाटतं आणि ती मी केलेली आहे. पहिल्या वर्षी आमच्याच आळीतल्या काकूंच्या वाडीत काम केलं. वादळात त्यांच्या दोनशेच्यावर सुपाऱ्या गेल्या होत्या, उरल्या होत्या तीसेक. मी मशीन घेऊन आत गेलो आणि जागच्या जागी फिरवत फिरवत दोन दिवसात सगळे बुंधे साफ केले. मोठा खूश होतो. काकू बेड्यात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "छान केलंस हो. आता हा पाट कोण करणार?" खाली बघितलं तर त्यांच्या सासऱ्यांच्या वेळचा पाट सपाट, आणि त्या तीस सुपाऱ्यांच्या भोवतीची जमीन चाकांनी दाबून रस्त्यासारखी टणक. सुपारीची मुळं वरवरच असतात. अडीच-तीन टनाचं मशीन त्यांच्यावर गोल गोल नाचलं होतं. त्यातल्या आणखी पाच-सहा सुपाऱ्या पुढच्या दोन वर्षांत वाळल्या. माझ्यामुळंच असं कोणी म्हणालं नाही, वादळात हललेल्याही असतील. पण मी त्यांच्याकडं बघताना मान खाली घालतो. वजन कुठंय हे मी तेव्हा झाडाला विचारत होतो, लोडरला विचारत होतो, पायाखाली विचारलं नव्हतं.

तेव्हापासून जाड प्लायचे तुकडे घेऊन फिरतो, मशीनपुढं अंथरत जायचं, आणि भिंगरी बंद, रिक्षावाल्यासारखं पुढं-मागं करत वळायचं. वेळ दीडपट लागतो. पोरं वैतागतात. टायर मात्र जास्त टिकतात, जांभ्यावर घासून घासून पहिला सेट वर्षात टकला झाला होता, हे माझ्या डोक्यात आधी यायला हवं होतं.

नाना दोन वर्षांपूर्वी गेले. शेवटपर्यंत लोडरला "तो बेडूक" म्हणायचे. एकदा आग्रह करून केबिनमध्ये बसवलं, दोन्ही दांडे धरून बसले, इंजिन चालू करू दिलं नाही.

गेल्या महिन्यात काकूंचाच निरोप आला. विहिरीजवळच्या नारळाला खोड पोखरणारा सोंड्या भुंगा लागलाय, खोडातून तांबडं पाणी वाहतंय, पाडेकरी वर चढायला तयार नाही. गेलो. माझ्या त्या कामानंतर लावलेल्या सुपाऱ्या आता डोक्याच्या खूप वर गेल्यात, काहींना पहिले घड धरलेत. आणि वाडीच्या मधून बेड्यापासून विहिरीपर्यंत एक पट्टा मोकळा, एकही झाड नाही, दोन्ही बाजूला ओळीत सुपाऱ्या. मी म्हटलं, "काकू, इथं जागा का सोडली? आठ-दहा सुपाऱ्या सहज बसल्या असत्या."

"तुझ्या गाडीला," त्या म्हणाल्या. "परत वादळ येणार नाही असं कोणी लिहून दिलंय?"

मला काय बोलावं सुचलं नाही, म्हणून नारळाकडं बघायला लागलो. पन्नास फुटाचा असेल. खोडावर कान लावला तर आत कुरकुर ऐकू येत होती. शेंडा एका बाजूला लवलेला. बारक्या शेजारी येऊन उभा राहिला, दोन्ही हात मागं बांधून, अगदी नानांसारखा. आणि आम्ही दोघं काही बोलायच्या आत काकूंनीच पदर खोचत विचारलं,

"काय रे, वजन कुठंय?"

"तुमच्या स्वयंपाकघरावर, काकू."

त्यांनी एकदा शेंड्याकडं पाहिलं, एकदा कौलांकडं.

"मग चहा ओटीवरच आणते," म्हणाल्या.